कॉलेज रोडचा शब्दांवाला इंग्रजी क्लास: जावं की नाही?

आधीच सांगते, हा इंटरव्ह्यू क्रॅक करायचा क्लास नाहीये. फाडफाड इंग्रजीवाले बोर्ड आपल्या नाशिकला कॉलेज रोडपासून पार सातपूरपर्यंत दर दोन दुकानांआड लागलेत, ते हवं असेल तर तिकडे खुशाल जा. हा प्रकार वेगळाय. एका बंगल्याच्या वरच्या हॉलमध्ये एक रिटायर्ड मॅडम चालवतात, बोर्ड नाही, जाहिरात नाही, आणि नाव-पत्ता कुठे टाकू नका, जास्त गर्दी झेपत नाही असं त्यांनीच बजावलंय, म्हणून मी पण टाकत नाहीये. कॉलेज रोडला कोणाला तरी विचारत गेलात की सापडेल.

पद्धत अशी की दर वेळी एक शब्द धरायचा, नाहीतर एकाच अर्थाचे चार-पाच शब्द, आणि दोन तास त्यांचाच पिच्छा पुरवायचा. ग्रामरचं पुस्तक नाही, टेन्सचे तक्ते नाहीत. या वेळचा विषय होता समोरच्याला हलवून सोडणारी क्रियापदं, म्हणजे आपण बिचकवणं, गांगरवून टाकणं, भंबेरी उडवणं वगैरे म्हणतो ना, ती अख्खी फॅमिली. त्यातला मेन शब्द होता फेझ, स्पेलिंग एफ-ए-झेड-ई.

आता मी अंबडला विजेचे पॅनल बनवणाऱ्या कंपनीत एक्स्पोर्टची कागदपत्रं बघते. आमच्याकडे फेज म्हणजे एकच, आर, वाय, बी (रेड, यलो, ब्लू) या विजेच्या तीन लाइनींमधला एखादा. "वाय फेज गेलाय" म्हटलं की सगळे मेंटेनन्सवाल्याच्या नावाने ओरडतात. त्यामुळे बाहेरच्या कस्टमरच्या मेलमध्ये "डिले डझन्ट फेझ अस" असलं काही आलं की ऑफिसमध्ये बऱ्याच जणांना तो पी-एच वालाच फेज वाटतो, आणि उत्तरात पण तेच स्पेलिंग ठोकून मोकळे. मॅडमनी पहिल्या पाच मिनिटांत बोर्डावर दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिले आणि मधे एक जाड रेघ मारली, म्हणाल्या ह्यांचं एकमेकांशी नातंगोतं काही नाही, फक्त ऐकायला सारखे.

पी-एच वाला ग्रीक. मूळ अर्थ दिसणं, प्रकट होणं. फिनॉमेनन हा शब्दसुद्धा त्याच मुळातला. इंग्रजीत तो आधी चंद्राच्या कलांसाठी वापरायला लागले, मग कुठल्याही गोष्टीचा टप्पा, आणि मग विजेच्या लाटेची एखाद्या क्षणाची स्थिती. थ्री फेजमध्ये तीन लाटा एकमेकींपासून 120 अंशांनी मागेपुढे असतात, हे आमच्या कंपनीतल्या पोराटोरांना पाठ असतं, पण तो शब्द चंद्रावरून आलाय हे कोणाला माहीत असतं? मला तर आवडलंच.

एफ वाला मात्र अस्सल इंग्रजी मातीतला. जुन्या इंग्रजीत फेसिअन असं क्रियापद होतं, अर्थ हाकलून लावणं, पिटाळणं. आपण कुत्र्याला हाड् करतो ना, तसलं. पुढे त्याचं फीझ झालं आणि अर्थ हळूहळू आत सरकत गेला, म्हणजे आधी अंगाने पळवून लावणं, मग घाबरवून पळवणं, मग नुसतंच घाबरवणं, आणि शेवटी माणूस जागचा हलत पण नाही, फक्त मनातून डगमगतो. इंग्लंडमध्ये हा बोलीत कुठे कुठे टिकून राहिला आणि आजचं फेझ हे रूप अमेरिकेत 1830 च्या सुमारास लिखाणात दिसायला लागलं. पुस्तकांपेक्षा लोकांच्या तोंडातच जास्त राहिलेला शब्द, त्यामुळे स्पेलिंगला कोणी वालीच नव्हता, ज्याला जसं ऐकू आलं तसं त्याने लिहिलं.

आणि इथे मॅडमनी एक मस्त गंमत केली. पी-एच लिहिणाऱ्यांना आम्ही सगळे हसत होतो, तर त्यांनी शेक्सपिअरचं टेमिंग ऑफ द श्रू काढलं. त्या नाटकाचं पहिलंच वाक्य एका दारुड्याचं आहे, गुत्त्यातले ग्लास फोडलेत आणि पैसे द्यायला तयार नाही, मालकीण बाहेर काढतेय आणि हा तिलाच दम देतोय, "आय विल फीझ यू". म्हणजे आपलं "थांब, तुला दाखवतोच". तर 1623 च्या छापील प्रतीत ते फीझ पी-एच-ई-ई-झेड-ई असं आहे! म्हणजे पी-एच लावायची खोड आजची नाहीच. मॅडमचं म्हणणं, तरी मेलमध्ये लिहाल तर लाल रेघ मारीन, कारण शेक्सपिअरला कस्टमर नव्हते. (होते की, तिकीट काढून येणारे. पण त्यांच्याशी वाद कोण घालणार.)

खरी मजा पुढे आली. मॅडमनी विचारलं, हा शब्द तुम्ही होकारार्थी वाक्यात कधी ऐकलाय का? सगळे गप्प. कारण तो जवळजवळ नेहमी नाही ला चिकटूनच येतो. काही फरक पडला नाही, कशानेच डगमगला नाही, नाहीतर सरळ अनफेझ्ड. क्रिकेटच्या कॉमेंट्रीत तर रोज, समोरून 150 च्या स्पीडने बॉल येतोय आणि बॅट्समन अनफेझ्ड. "ही वॉज फेझ्ड" म्हटलं तर चूक नाही, पण कानाला जरा खटकतं. मग त्यांनी आमच्यावरच उलटवलं, मराठीत असे शब्द सांगा. एक नर्स आहे आमच्या बॅचला, ती पटकन म्हणाली, बधणे. आणि बरोबर आहे हो! "तो कशालाही बधत नाही" म्हणतो, "तो आज बधला" असं कोण म्हणतं? जुमानणे पण तसंच, "कोणाला जुमानत नाही" हे दिवसातून दहा वेळा ऐकतो पण "तो मला जुमानतो" असं बायकोसुद्धा म्हणत नाही. भीक घालणे, दाद देणे, मग यादी वाढतच गेली. दाद वर तर भांडणच लागलं, कारण मैफिलीत दाद देतात ती होकारार्थी आणि दार दाद देत नाही ती नकारार्थी, मग हा शब्द कुठल्या खात्यात टाकायचा. अर्धा तास त्यातच गेला, पण फेझचं भाषांतर घाबरवणं असं न करता बधणे-डगमगणे करायचं हे डोक्यात असं फिट्ट बसलं की आता निघणार नाही. डिक्शनरीत पाहिलं असतं तर अस्वस्थ करणे वाचून पुस्तक मिटलं असतं.

बाकीचे शब्द त्यांनी भराभर उरकले, मला वाटतं जरा जास्तच भराभर. डॉन्ट (डी-ए-यू-एन-टी, म्हणजे धीर खचवणं) लॅटिनमधून आलाय आणि मुळात जनावर माणसाळवण्याचा शब्द आहे. नॉनप्लस म्हणजे लॅटिनमध्ये "आणखी नाही", बोलायला पुढे काही उरलंच नाही अशी अवस्था, आणि अमेरिकेत हल्ली लोक तो बरोबर उलट्या अर्थाने वापरतात, शांत, ढिम्म. याच्यावर खरं तर एक अख्खा तास हवा होता. डिसकॉम्बॉब्युलेट, म्हणजे पार गोंधळवून टाकणं, हा अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात लॅटिनची नक्कल म्हणून गमतीत बनवलेला शब्द. मिलवॉकीच्या एअरपोर्टवर सिक्युरिटी चेक झाल्यावर बूट-पट्टा परत चढवायच्या जागेला रीकॉम्बॉब्युलेशन एरिया अशी पाटीच लावलीये 2008 पासून. ओझर एअरपोर्टला पण लावा म्हणावं.

आणि मग देवळाली. नाशिकच्या माणसाने हा क्लास का करावा याचं उत्तर मला इथे मिळालं. ब्रिटिशांच्या काळात देवळालीला सैन्याचा ट्रान्झिट कॅम्प होता, नोकरीची मुदत संपलेले सोल्जर मुंबईहून घरी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत तिथे पडून राहायचे. जहाजं वर्षातले काहीच महिने सुटायची. काम काही नाही, उन्हाळा, दारू, त्यात मलेरिया. माणसं चक्रम व्हायला लागली. त्याला सोल्जर लोक "डूलॅली टॅप" म्हणायचे, डूलॅली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे आपला साधा ताप! पुढे ताप गळून पडला आणि इंग्लंडमध्ये आजही डोकं फिरलेल्याला डूलॅली म्हणतात. आमच्या बॅचला एक काका थेट देवळाली कॅम्पातून बसने येतात, सगळे त्यांच्याकडे बघायला लागले की आता हे चिडतील. काकांनी शांतपणे वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, स्पेलिंगमध्ये एल किती?" मॅडम म्हणाल्या, हे बघा, अनफेझ्ड.

आता तक्रारी. वेळेचं काही खरं नाही, सहा म्हणजे सव्वासहा आणि सुटायची वेळ तर रामभरोसे. नोट्सच्या झेरॉक्स इतक्या फिक्या असतात की खालच्या दोन ओळी अंदाजाने वाचायच्या, जुन्या इंग्रजी स्पेलिंगचा अंदाज कसा लावणार सांगा. बोलायची प्रॅक्टिस शून्य. मॅडमचा उच्चार छान आहे पण तुमचा त्या सुधारत नाहीत, एफ आणि फ मधला फरक एकदा करून दाखवला आणि पुढे गेल्या, आणि आमच्यातले निम्मे अजून फळातला फ म्हणूनच फेझ म्हणतात. टू-व्हीलर लावायला गल्लीत जागा मिळते, फोर-व्हीलर आणू नका, शेजारचे भांडतात. हॉलमध्ये पंखे दोनच आहेत, त्यातला एक मॅडमच्या डोक्यावर.

फी वाजवी वाटली, महिन्याची आहे आणि एक दिवस बसून बघायला काही घेत नाहीत. चहा मिळतो, घरचा, आलं घातलेला.

ज्यांना इंग्रजी वाचता येतं, मेल लिहावे लागतात, पण शब्द निवडताना हात अडखळतो, त्यांनी नक्की जा. दहावी-बारावीच्या पोरांना मार्कांसाठी पाठवू नका, ती कंटाळतात आणि मग मॅडम पण कंटाळतात. रविवार सकाळच्या बॅचला अशीच पोरं जास्त आहेत, त्यामुळे शनिवार संध्याकाळची मागून घ्या, आणि खिडकीकडची खुर्ची पकडायची असेल तर काकांच्या आधी पोचा.