'108 पैकी एक' म्हणून गळ्यात मारलेली जज: 1,01,500 डॉलरला बसलेला चुना

'जज' ही पाँटिॲक कंपनीच्या जीटीओ गाडीची खास आवृत्ती, आणि 1969 मध्ये तिच्या कन्व्हर्टिबल, म्हणजे टप उघडणाऱ्या, फक्त 108 बनल्या. हा आकडा आता ज्याला त्याला तोंडपाठ आहे, आणि चोरांचं सगळं फावतं ते त्यामुळेच. त्या वर्षी कन्व्हर्टिबल जीटीओ एकूण 7,436 बनल्या. म्हणजे जज नसलेल्या, पण त्याच सांगाड्याच्या आणि त्याच टपाच्या 7,328 गाड्या बाजारात उतरल्या होत्या. त्यातली एखादी उचलायची, स्टिकर लावायचे, मागे स्पॉइलर ठोकायचा आणि किंमत दुपटीच्या वर न्यायची. आम्हाला तीच विकली. मागणी 1,78,000 डॉलरची होती, सौदा 1,62,500 ला झाला. त्यातले 10,000 आगाऊ, बाकीचे बँकेतून वायरने. आज दोन वेगवेगळे मूल्यांकन करणारे तिला 61,000 ची म्हणतात. फरक 1,01,500. शिवाय तपासनिसाचे 575, ट्रेलरचे 1,340 आणि वकिलाचे आगाऊ 3,500 गेले ते वेगळेच.

इकडे अमेरिकेत आपल्यातले बरेच जण घराचं कर्ज फिटलं, मुलं कॉलेजात गेली की जुन्या उघड्या टपाच्या गाड्या बघायला लागतात. डेट्रॉइटच्या बाजूला राहणाऱ्यांना तर ऑगस्टमध्ये वुडवर्ड ॲव्हेन्यूवरची रांग बघून चेव येतोच. त्यांच्यासाठी हे लिहितोय. 'जरा चौकशी करायची होती की' असं म्हणणाऱ्यांनी आधी पुढचं वाचावं. चौकशी केली होती. जे येत होतं ते सगळं तपासलं होतं, आणि समोरच्याला आपण काय तपासणार हे आपल्याआधी माहीत होतं.

जज म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर तो भगवा-लाल रंग येतो, कॅरोसेल रेड. फायरवॉलवरच्या, म्हणजे इंजिनामागच्या भिंतीवरच्या, पत्र्याच्या पट्टीवर त्याचा कोड 72. रंग दिलेल्या नकली गाड्या इथेच पकडल्या जातात, कारण गाडी भगवी असते आणि पट्टीवर कोड भलताच असतो. आमची गाडी पांढरी होती. पट्टीवर 50, म्हणजे कॅमिओ व्हाइट. अगदी बरोबर जुळलं. जज इतर रंगांतही मिळायची हे माहीत असणाऱ्याला यात काहीच खटकत नाही, उलट विश्वास बसतो. विक्रेत्याने रंग दिलाच नाही, मूळचीच पांढरी गाडी शोधून काढली. हे अर्धवट माहिती असणाऱ्याचं काम नाही.

नंबरही खरा होता. 1969 चा पाँटिॲकचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, तेरा अक्षरांचा. पहिला 2 म्हणजे पाँटिॲक, मग 42 म्हणजे जीटीओ, 67 म्हणजे कन्व्हर्टिबल, 9 म्हणजे 1969, मग कारखान्याचं अक्षर (पी म्हणजे मिशिगनमधलं पाँटिॲक शहर) आणि शेवटी सहा आकडी अनुक्रम. 42 च्या जागी 37 असेल तर ती ल मॉन्स आहे, तिथूनच मागे फिरा. पण 242 दिसलं की माणूस निवांत होतो, आणि तिथेच घात होतो. जज हे वेगळं मॉडेल नव्हतं, ते जीटीओवर घ्यायचं पॅकेज होतं, डब्ल्यूटी1 नावाचं, सुमारे 332 डॉलरचं. व्हीआयएनमध्ये ते दिसत नाही. टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, दिसत नाही. पट्टीवरही दिसत नाही. ते खात्रीने दिसतं ते कारखान्याने डीलरला पाठवलेल्या बिलात.

ती बिलं मायक्रोफिल्मवर जपून ठेवलेली आहेत आणि पाँटिॲक हिस्टॉरिकल सर्व्हिसेस, म्हणजे सगळे म्हणतात ती पीएचएस, व्हीआयएन दिला की त्याची प्रत पैसे घेऊन पाठवते. कोणालाही पाठवते. मालक असण्याची गरज नाही. विक्रेत्याने ती प्रत आम्हाला दाखवली. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, नीट घडी घातलेली, जज पॅकेजच्या ओळीसकट. 'माझ्याकडे आहेच, तुम्ही कशाला खर्च करता, आणि शनिवारी दुसरा बघायला येतोय.' हे वाक्य ऐकू आलं की खिशातला हात खिशातच ठेवा.

तो कागद दुसऱ्याच एका खऱ्या जजचा होता. वरचा नंबर बदललेला. बिलाची तारीख फेब्रुवारी 1969.

आणि पट्टीवर होतं 11बी.

फायरवॉलवरच्या त्याच पट्टीवर (ती बॉडी बनवणाऱ्या फिशर बॉडीची असते) वरच्या कोपऱ्यात हा कोड असतो. आकडा महिन्याचा, अक्षर आठवड्याचं. 11बी म्हणजे नोव्हेंबर 1968 चा दुसरा आठवडा. जज जाहीर झाली डिसेंबर 1968 मध्ये. नोव्हेंबरात बांधलेली गाडी जज असूच शकत नाही, कागद काहीही म्हणो. नोव्हेंबरात बॉडी बनली आणि फेब्रुवारीत बिल फाडलं, असं कुठल्या कारखान्यात होतं? बॉडी काय तीन महिने फलाटावर बसून होती? पट्टीचा फोटो मोबाइलमध्ये होता. रंगाचा कोड झूम करून पाहिला, 24267 पाहिलं, आतल्या कापडाचा कोड पाहिला. दोन इंच वरती तो 11बी होता. फोटो स्वच्छ होता, पट्टीवर रंगाचा थरही नव्हता. सगळे रंगच तपासायला सांगतात, तारीख कोणी सांगत नाही. मासिकांतल्या याद्यांत सुद्धा तारखेचा मुद्दा तळाशी, बारीक अक्षरांत. म्हणून इथे ठळक सांगतो: रंगाच्या आधी तारीख बघा. पॅकेज वर्षाच्या मध्येच आलेलं असेल तर हा एकच आकडा अख्ख्या फोल्डरला भारी पडतो.

सौदा झाल्यावर पीएचएसकडून स्वतः मागवलेली प्रत आली. तोच नंबर, नोव्हेंबर 1968, कॅमिओ व्हाइट, ऑटोमॅटिक गिअर. जजचं नावनिशाण नाही.

ऑटोमॅटिक! आणि आमच्या हातात चार गिअरची मॅन्युअल मन्सी गिअरबॉक्स, वर हर्स्ट कंपनीचा टी आकाराचा गिअरचा दांडा. इथून मग लोखंड बघायला घेतलं, तर एकेक निघत गेलं.

इंजिनाच्या पुढच्या तोंडावर, उजव्या अंगाला, दोन अक्षरांचा कोड असतो. राम एअर 3 (जजला येणारं जास्त ताकदीचं इंजिन) आणि मॅन्युअल गिअर असेल तर डब्ल्यूएस, राम एअर 3 ऑटोमॅटिकला वायझेड. साध्या 350 हॉर्सपॉवरच्या जीटीओला मॅन्युअलमध्ये डब्ल्यूटी, ऑटोमॅटिकमध्ये वायएस. आमच्या ब्लॉकवर डब्ल्यूएस होतं आणि खाली 29पी धरून गाडीचाच अनुक्रम ठोकलेला. दिसायला चोख. पण ब्लॉकच्या मागे, डिस्ट्रिब्युटरपाशी, ओतकामाची तारीख असते: महिन्याचं अक्षर, दिवस, वर्षाचा शेवटचा आकडा. तिच्यावर निळ्या रंगाचा जाड थर होता. रंग खरवडल्यावर सी059 निघालं, 5 मार्च 1969. म्हणजे ब्लॉक ओतायच्या आधीच त्यांच्या कागदावर गाडीचं बिल फाटलेलं! शिक्क्याची जागा ग्राइंडरने घासून नवे आकडे ठोकले होते. आडवा टॉर्च धरला तर घासल्याचे वळणदार ओरखडे दिसतात, कारखान्याच्या मशीनच्या सरळ रेघा दिसत नाहीत.

सिलिंडर हेड्स, म्हणजे ब्लॉकवर बसणारी झाकणं, तर काही न खोलता कळतात. मधल्या एक्झॉस्ट पोर्टच्या वर उठावदार आकडा ओतलेला असतो. डब्ल्यूएस इंजिनावर 48 हवेत. आमच्यावर 62. साध्या 400 घनइंची इंजिनावर हेच येतात. त्याहून ताकदीचं राम एअर 4 असल्याचं सांगितलं तर 722 शोधा, नाहीतर बोलणं थांबवा.

खालून बघायला लिफ्ट लागते, तिचे पैसे द्या. चार गिअरच्या गाडीला फ्लोअरच्या पत्र्यात कारखान्यातूनच बसवलेला उंचवटा असतो, त्याचे स्पॉट वेल्ड एकसारख्या अंतरावर असतात. आमच्यात पत्रा कापून विकतचा उंचवटा बसवलेला, कडेने वेल्डिंगचा मणी धावलेला, वर काळं अंडरकोटिंग थापलेलं. जुन्या गाडीचं पोट नको इतकं काळं आणि ताजं दिसलं की तिथेच स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. मालक ओरडला तर ओरडू दे.

एक गोष्ट मात्र खरी निघाली, टप. या बॉडीच्या खऱ्या कन्व्हर्टिबलचा सांगाडा चारी बाजूंनी बंद पेटीसारखा असतो, हार्डटॉपचा उघड्या सी आकाराचा. छत कापून बनवलेली गाडी सांगाड्यावर कळते. यांनी तिथे हात घातलाच नाही, कारण गरजच नव्हती.

बाकी जज दाखवायला लागतं काय? बाजूचे पट्टे, 'द जज'चे स्टिकर, ग्लोव्ह बॉक्सवरचं चिन्ह, स्पॉइलर, काळी ग्रिल, कडी नसलेली रॅली 2 चाकं. यातलं सगळं नवंकोरं विकत मिळतं. यातल्या एकाही वस्तूवर एक डॉलरसुद्धा जास्त देऊ नका.

575 डॉलर घेणाऱ्या तपासनिसाने काय केलं? रंगाची जाडी मोजली, टायरचे फोटो काढले, इंजिन गरम करून ऑइलचं प्रेशर लिहिलं आणि शेवटी 'जज पॅकेजशी सुसंगत दिसते' असा शेरा मारला. सुसंगत! शेवटच्या पानावर बारीक टाइपात 'मूळ असल्याची हमी नाही'. तपासनीस लावाल तर त्याला लेखी यादी द्या: पट्टीची तारीख, ब्लॉकची तारीख, हेडचा आकडा, गिअरबॉक्सवरचा शिक्का, फ्लोअरचा खालून फोटो. नुसतं 'बघून घ्या' म्हणाल तर तो तेवढंच करेल, बघेल.

आता सरकारी दरबार. पोलिसांकडे गेलो. गाडी मिळाली का? मिळाली. टायटल मिळालं? मिळालं. नंबर चोरीचा आहे का? नाही. मग हा दिवाणी मामला, पुढचा माणूस. खोटा कागद समोर ठेवला, खऱ्या कागदाशेजारी ठेवला, दोन्हींवर तोच नंबर आणि वेगळ्या तारखा. काउंटरवरच्या साहेबांना दोन्ही एकसारखेच दिसले. 'जुनी गाडी आहे, भाग बदलले जातातच,' म्हणे. वाहन नोंदणीच्या कार्यालयाने सांगितलं, आमच्या नोंदीत ती जीटीओ कन्व्हर्टिबल आहे, तुमच्याकडेही जीटीओ कन्व्हर्टिबलच आहे, तक्रार कसली? बरोबरच आहे त्यांचं, त्यांच्या फॉर्ममध्ये एक लाख डॉलरच्या फरकाला रकानाच नाही. ग्राहक संरक्षणवाल्यांनी कळवलं की विक्रेता खासगी व्यक्ती आहे, आमच्या कक्षेत फक्त व्यापारी येतात. तोच माणूस वर्षात किती गाड्या विकतो हे बघा म्हटलं, तर ते बघणं दुसऱ्या खात्याकडे. दुसऱ्या खात्याने पुन्हा पोलिसांकडे बोट दाखवलं. ऑनलाइन तक्रारीला पोच आली, तिच्यात एक क्रमांक होता, आणि खाली लिहिलेलं की या पत्त्यावर उत्तर पाठवू नये. विक्रेता दुसऱ्या राज्यात, त्यामुळे दोन्हीकडच्यांना तो दुसऱ्याचा. दुकानातून वीस डॉलरची वस्तू उचलणाऱ्याला बेड्या, आणि कारखान्याच्या बिलावर नंबर बदलणाऱ्याला 'तुम्ही आपसांत मिटवा'. त्याने मिटवायला 4,000 देऊ केले. वर 'सदिच्छा म्हणून'.

वकिलाने पहिला प्रश्न विचारला, बिल ऑफ सेलवर, म्हणजे विक्रीच्या सही केलेल्या कागदावर, काय लिहिलंय? लिहिलं होतं '1969 पाँटिॲक जीटीओ कन्व्हर्टिबल, आहे त्या स्थितीत'. जज हा शब्द नाही. जाहिरातीत मथळ्यात होता, फोनवर होता, फोल्डरवर होता. सही केलेल्या कागदावर तेवढा नव्हता. वस्तूचं लेखी वर्णन ही हमी धरली जाते, 'आहे त्या स्थितीत' लिहून ती सहज पुसता येत नाही. पण वर्णन तर हवं! तेव्हा बिल ऑफ सेलवर 'जज', 'डब्ल्यूटी1' आणि 'पीएचएसच्या नोंदीप्रमाणे' हे शब्द लिहून घ्या. लिहायला काचकूच केली तर तेच उत्तर समजा. जाहिरातीचे स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा, आमची जाहिरात पैसे पोचले त्याच संध्याकाळी गायब झाली होती.

इतर कंपन्यांच्या गाड्यांसाठी थोडक्यात. 1970 च्या जज कन्व्हर्टिबल 168 आणि 1971 च्या 17, तिथेही पीएचएसच. 1964 आणि 65 च्या जीटीओला तर 242 सुद्धा नाही, ती ल मॉन्सवरची ऑप्शन होती, त्यामुळे बिलाशिवाय बोलूच नका. फोर्डचं बरं आहे, 1967 पासूनच्या गाड्यांचा मार्टी रिपोर्ट, म्हणजे फोर्डच्या नोंदींवरून काढलेला अहवाल, मिळतो. फक्त त्यातल्या 'एकमेव' या शब्दाला भुलू नका, रंग, रेडिओ, सीटचं कापड जोडत गेलं की कुठलीही मस्टँग एकमेव ठरते. क्रायस्लरमध्ये व्हीआयएनचं पाचवं अक्षर इंजिनाचं असतं, 1970 आणि 71 च्या 426 हेमी इंजिनाला आर हवाच. शेव्हरलेवाल्यांची पंचाईत सगळ्यात मोठी. 1970 च्या शेव्हेल एसएस कन्व्हर्टिबलचा नंबर 13667 ने सुरू होतो आणि साध्या व्ही8 मालिबू कन्व्हर्टिबलचाही 13667 नेच. एलएस6, म्हणजे एसएसमधलं सगळ्यात ताकदीचं इंजिन, 4,475 गाड्यांत गेलं हे नोंदलेलं आहे, पण त्यातल्या कन्व्हर्टिबल किती हे कंपनीने वेगळं मोजलंच नाही. त्यामुळे कोणी छातीठोक आकडा सांगितला तर तो अंदाज सांगतोय. तिथे मूळ बिल्ड शीट (कारखान्यातला गाडीच्या भागांचा कागद) नसेल तर क्लोनचीच, म्हणजे नकलेचीच, किंमत द्या. कॅनडात नव्या विकल्या गेलेल्या जीएमच्या (पाँटिॲक आणि शेव्हरलेची मूळ कंपनी जनरल मोटर्स) गाड्यांचे कागद मात्र जीएम कॅनडाकडून मिळतात.

त्या विक्रेत्याकडे तो खोटा कागद अजून आहे, आम्हाला त्याने प्रतच दिली होती. नंबर पुन्हा बदलायला त्याला एक संध्याकाळ पुरेल. कॅमिओ व्हाइट, चार गिअर, फेब्रुवारी 1969 चं बिल आणि प्लास्टिकचा फोल्डर, असं कुठे दिसलं तर आगाऊ रक्कम पाठवायच्या आधी काचेखालचा नंबर स्वतःच्या हाताने उतरवून घ्या आणि पीएचएसला स्वतः पाठवा.