उमय्यद की अब्बासी, आधी काय वाचायचं?
भाचीला प्रोजेक्टसाठी एकच खिलाफत (मुस्लीम राज्याचा प्रमुख असलेल्या खलिफाची राजवट) निवडायचीय, दोन दिवस अडकलीये, म्हणून तिला हे लिहितेय.

टिकाव बघितला तर उमय्यद दमास्कसहून ६६१ ते ७५०, जेमतेम नव्वद वर्षं. अब्बासी ७५० ते १२५८, पण ९४५ ला बुवैहींनी (एक इराणी घराणं) त्यांची राजधानी बगदाद घेतल्यावर खलिफाकडे बराच काळ नावापुरतीच सत्ता होती, हे विसरू नकोस.

समाजाचं म्हणशील तर उमय्यदांकडे अरबांचाच वरचष्मा, मुसलमान झालेल्या बिगर-अरबांकडूनही काही ठिकाणी जिझिया घ्यायचे, त्या रागाचा फायदा अब्बासींना खुरासानात (इराणच्या ईशान्येकडचा प्रांत) झाला आणि मग दरबारात इराणी वजीर आले.

धर्म आणि सत्ता यात मला अब्बासीच जास्त भिडतात. ८३३ मध्ये खलिफा मामूनने कुराण 'निर्मित' आहे, म्हणजे अनादि नाही, देवाने निर्माण केलंय, हे मान्य करा असं काझी-विद्वानांना फर्मावलं, ते न मानणारे धर्मपंडित अहमद इब्न हंबल तुरुंगात गेले, पुढच्या खलिफाने फटके मारले तरी मानले नाहीत. शेवटी खलिफांनाच माघार घ्यावी लागली!

उमय्यदांचं नाणं मात्र बघच, त्यांच्या अब्द अल-मलिक या खलिफाने नाण्यावरचं खलिफाचं चित्र काढून नुसती अक्षरं ठेवली.

राज्य कसं उभं राहतं ते हवं असेल तर उमय्यद घे, सत्ता आणि विद्वानांची ओढाताण हवी असेल तर अब्बासी.