माहितीपत्रक एआयकडून थेट लिहून घ्यावं, की आधी कागद पुरवावेत?

शासनाची धोरणं आणि योजना साध्या मराठीत लोकांपर्यंत पोचवणाऱ्या बहुतेकांनी एआय वापरायचं ठरवलंच आहे. अडतं ते कसं वापरायचं इथे. एक रीत अशी की चॅटबॉटला विषय सांगायचा आणि मसुदा घ्यायचा. दुसऱ्या रीतीत अधिनियम, शासन निर्णय, शुद्धिपत्रकं आधी अपलोड करायची आणि उत्तर फक्त त्यातूनच, संदर्भासह मागायचं. नोटबुकएलएमसारखी साधनं याच कामासाठी आहेत. नागपुरातल्या एका संस्थेसाठी पत्रकं लिहिताना मी दोन्ही रीती वापरल्या आहेत.

वेगात पहिली रीत पुढे आहे, यात वाद नाही. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन भरलं की सकाळी विधान भवनात घोषणा होते आणि दुपारपर्यंत काटोल-नरखेडहून फोन सुरू होतात, "आमच्यासाठी यात काय आहे?" अशा वेळी लोक काय विचारतील याची यादी, मथळ्यांचे चार पर्याय, रेडिओसाठी छोटा मजकूर हे सगळं चहा संपेपर्यंत हातात येतं. मराठीही आता बऱ्यापैकी असते.

माझं मन फिरलं ते एका त्रासामुळे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ वरचं पत्रक करायचं होतं. आलेला मसुदा वाचायला सुरेख होता, पण त्यात सेवा वेळेत न देणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये दंड लिहिला होता. ती तरतूद माहितीच्या अधिकाराची, कमाल २५,००० रुपयांची. सेवा हक्कात दंड ५०० ते ५,००० रुपये आहे. शिवाय ‘अधिसूचित’ (म्हणजे सरकारने यादीत जाहीर केलेल्या) सेवा यातला ‘अधिसूचित’ हा शब्दच गळला होता, म्हणजे वाचणाऱ्याला वाटावं की सरकारी कार्यालयातलं प्रत्येक काम या कायद्यात बसतं. चूक सापडली म्हणून मी इतका वैतागलो नसतो. पण बरोबर वाक्यं आणि चुकीची वाक्यं सारख्याच ठामपणे लिहिलेली होती, आणि कुठलं वाक्य कुठून आलं याचा पत्ता नव्हता. मग प्रत्येक ओळ अधिनियमाशी ताडून पाहणं आलं. वाचलेला वेळ तिथेच गेला, वर जीवाला घोर.

दुसऱ्या रीतीतही चुका होतात, पण वाक्याशेजारच्या संदर्भावर क्लिक केलं की मूळ परिच्छेद समोर येतो. तपासणी डोंगराएवढी वाटत नाही. माझ्यासाठी पारडं इथेच झुकलं.

तिची कटकट वेगळी. जुने शासन निर्णय स्कॅन केलेले असतात, काही युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये. त्यातून अक्षरांचा नुसता काला हाती लागतो आणि आधी ओळी नीट टंकून घ्याव्या लागतात. शुद्धिपत्रक द्यायचं राहिलं तर साधन जुनाच नियम सांगत बसतं. भाषाही कोरडी येते, ती आपल्यालाच ओली करावी लागते. मला ते शेवटचं काम आवडतं, म्हणून कदाचित मी या बाजूला झुकत असेन.

अर्जदारांची नावं, आधार क्रमांक, अप्रकाशित टिपण्या मात्र दोन्हीकडे टाकू नयेत. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना कार्यालयीन संगणकांवर अशी साधनं टाळायला सांगितलं, ते गोपनीयतेच्याच काळजीने.

तुमचं काम मुख्यतः भाषणं, शुभेच्छा संदेश किंवा मोहिमेच्या घोषणांचं असेल तर पहिली रीत खुशाल धरा. पण तुमचं पत्रक हातात घेऊन कुणी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतू केंद्राच्या खिडकीशी उभं राहणार असेल, तर निदान मी तरी आधी कागद गोळा करायला सांगेन. पत्रक काढायची घाई असेल तर अधिनियम आणि ताजी अधिसूचना एवढे दोन कागद तरी चढवा.