रात्री मुलांचं इंटरनेट थांबवायचं कुठे: राउटरवर, फोनमध्ये की खोलीच्या दाराशी?

रात्री मुलांचं नेट बंद करायचं हे एकदा ठरलं, की खरा प्रश्न उरतो तो कुठे बंद करायचं हा. राउटरवर वेळ लावता येते, मुलाच्या फोनमध्येच कुलूप घालता येतं, किंवा रात्री फोन झोपायच्या खोलीत न्यायचाच नाही असा नियम करता येतो. बरेच पालक राउटरपासून सुरुवात करतात, कारण तिथे मुलाशी वाद घालावा लागत नाही. माझं मत नेमकं उलटं आहे. सुरुवात खोलीच्या दारापासून करा, मुलाकडे स्वतःचं सिम असेल तर फोनमधलं कुलूप जोडीला घ्या, आणि राउटर टीव्ही, गेमिंग कन्सोल, जुना टॅब अशा उरलेल्या उपकरणांसाठी ठेवा. असं का, ते पुढे सांगते.

आधी वेळ ठरवू, कारण चुकीच्या वेळेला लावलेलं कोणतंही कुलूप टिकत नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या २०१६ च्या शिफारशीनुसार ६ ते १२ वर्षांच्या मुलांना दिवसाला ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी. सकाळी साडेसहाला उठणारं दहा वर्षांचं मूल रात्री साडेनऊपर्यंत झोपी जायला हवं, म्हणजे स्क्रीन तासभर आधी, साडेआठला बंद. पंधरा वर्षांच्या मुलासाठी हाच हिशेब साडेदहा आणि साडेनऊ असा येतो. शिवाय वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन हे संप्रेरक उशिरा तयार व्हायला लागतं, त्यामुळे त्या वयाच्या मुलाला लवकर झोप येत नाही हे खरंच असतं. दोन्ही भावंडांना एकच वेळ लावली, तर मोठ्याला तो अन्याय वाटणार, आणि त्याचं काही चुकत नाही.

राउटर

राउटरचा मोठा फायदा म्हणजे एकाच ठिकाणी सेटिंग केलं की घरातली सगळी उपकरणं त्यात येतात. बहुतेक राउटरमध्ये उपकरण निवडून त्याला वेळापत्रक लावता येतं. ड्रॉवरमध्ये पडलेला, सिम नसलेला जुना फोनही असल्या वेळापत्रकात सापडतो, फोनमधल्या कुलपात तो कधीच सापडत नाही.

पण राउटर उपकरण ओळखतो ते त्याच्या मॅक ॲड्रेसवरून, म्हणजे नेटवर्कवर त्या उपकरणाची ओळख असलेल्या क्रमांकावरून. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनवर आयओएस १४ पासून फोन वायफायला आपला खरा मॅक ॲड्रेस न देता बनावट देतात. गोपनीयतेसाठी ही सोय चांगली आहे, पण सेटिंगमध्ये जाऊन ती चालू-बंद केली की राउटरला तोच फोन नवा वाटतो, आणि तुमचं वेळापत्रक जुन्या पत्त्याला लागलेलं राहतं. हे शोधून काढायला मुलाला फार वेळ लागत नाही, वर्गातलं कुणीतरी सांगतंच.

यावर चांगला उपाय आहे. मुलांच्या उपकरणांसाठी राउटरवर वेगळं वायफाय नेटवर्क करा, गेस्ट नेटवर्क (पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय) असेल तर तेही चालतं, आणि वेळापत्रक त्या अख्ख्या नेटवर्कलाच लावा. म्हणजे मॅक बदलला तरी फरक पडत नाही. मुख्य नेटवर्कचा पासवर्ड मात्र बदला आणि तो फक्त मोठ्यांच्या फोनमध्ये ठेवा. इथे एक बारीक गोष्ट लक्षात असू द्या: अँड्रॉइड फोनमध्ये वायफाय शेअर करण्याचा क्यूआर कोड दाखवता येतो, आणि अनेक फोनवर त्याच्याखाली पासवर्डही लिहिलेला येतो. तुमचा फोन उघडा सापडला, की पासवर्ड गेलाच. राउटरच्या सेटिंग पानाचा पासवर्डही बदला, कारण मूळचा राउटरच्या मागच्या स्टिकरवर छापलेला असतो. आणि राउटरचा टाइमझोन तपासा. तो चुकीचा असला तर वेळापत्रक भलत्याच वेळी चालतं, आणि सेटिंग बिघडलंय असं वाटून लोक नाद सोडतात.

एवढं सगळं करूनही एक भोक उरतंच, आणि ते सर्वांत मोठं आहे: मोबाइल डेटा. सिम असलेल्या फोनला तुमच्या राउटरशी काही घेणंदेणं नसतं. मित्राचा किंवा तुमचाच हॉटस्पॉट चालू असला तरी तेच. आधी उतरवून ठेवलेले व्हिडिओ आणि ऑफलाइन चालणारे गेमही राउटर थांबवू शकत नाही. दक्षिण कोरियात देशपातळीवर असंच काहीसं झालं होतं. २०११ मध्ये तिथे १६ वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्री १२ ते सकाळी ६ ऑनलाइन गेम बंद ठेवणारा कायदा आला. तो कॉम्प्युटरवरच्या गेमना लागू होता, मोबाइलवरचे गेम त्याच्या बाहेर राहिले, आणि दरम्यान खेळच मोबाइलवर गेला. १ जानेवारी २०२२ पासून तो कायदा रद्द झाला. एकच दार बंद केलं तर काय होतं, ते यातून कळतं.

राउटरचा वीजपुरवठाच टायमरने तोडायचा, हा मार्गही काही जण निवडतात. घरात सगळेच एका वेळी झोपत असतील तर तो साधा आणि पक्का आहे. इंटरनेटवर चालणारा घरचा फोन, कॅमेरे किंवा कुणाचं रात्रीचं काम असेल तर तो विसरा.

फोनमधलं कुलूप

हे कुलूप वायफाय असो वा मोबाइल डेटा, दोन्हींवर चालतं, कारण ते फोनलाच लागतं. अँड्रॉइडसाठी गूगलचं फॅमिली लिंक आहे, आयफोन-आयपॅडसाठी ॲपलचं स्क्रीन टाइम, विंडोज आणि एक्सबॉक्ससाठी मायक्रोसॉफ्टचं फॅमिली सेफ्टी. घरात एकाच जातीची उपकरणं असतील तर निवड आपोआप होते. मूल आयफोन वापरत असेल तर फॅमिली लिंकचा उपयोग फारसा नाही. पालकाकडे आयफोन आणि मुलाकडे अँड्रॉइड असेल तर मात्र फॅमिली लिंक चालतं, पालकाच्या आयफोनवरून त्याचं नियंत्रण करता येतं.

फॅमिली लिंकमध्ये रात्रीची वेळ ठरवली की फोन लॉक होतो, पण कुणाचा फोन आला तर मुलाला तो घेता येतो. कायम चालू राहावीत अशी ॲप्स तुम्ही निवडून देऊ शकता. शब्दकोश किंवा गाण्याचं ॲप त्यात ठेवायला हरकत नाही, ब्राउझर ठेवलात तर कुलूप लावून किल्ली त्यातच सोडल्यासारखं होईल.

ॲपलच्या स्क्रीन टाइममध्ये एक जागा अशी आहे जिथे खूप पालक अडकतात. डाउनटाइम, म्हणजे ठरलेल्या वेळेत ॲप्स बंद ठेवणारी सोय, लावलं, वेळ झाली, ॲप्स करडी पडली, आणि मुलानं 'मर्यादा दुर्लक्षित करा' या अर्थाचं बटण दाबून खेळ पुढे चालू ठेवला. हे टाळायचं तर दोन गोष्टी लागतात: स्क्रीन टाइमचा वेगळा चार अंकी पासकोड, आणि डाउनटाइमच्या वेळी खरोखर अडवणारं 'ब्लॉक ॲट डाउनटाइम' हे सेटिंग. पासकोड फोन उघडायच्या कोडसारखा नको, आणि तो टाइप करताना मूल शेजारी नको. खांद्यावरून बघून चार आकडे पाठ करणं मुलांना सहज जमतं.

या कुलपाची किंमत म्हणजे रोजची हुज्जत. 'अजून दहा मिनिटं' ही विनंती आता थेट तुमच्या फोनवर येते, तीही तुम्ही कामात असताना. ती मंजूर करायची की नाही, याचं धोरण आधीच ठरवलेलं बरं. शाळेच्या आदल्या रात्री नाही, सुट्टीच्या आदल्या रात्री हो, एवढं साधं पुरतं.

आणखी एक: हे कुलूप मुलाला सांगून, त्याच्यासमोर लावा. लपून लावलेलं कुलूप किंवा गुपचूप संदेश वाचणारं ॲप उघडकीस येतंच. मग रात्री काही वाईट घडलं, कुणी धमकावलं, कुणी नको ते फोटो मागितले, तर ते मूल तुमच्याकडे येणार नाही. रात्रीच्या इंटरनेटची मला खरी भीती वाटते ती याची.

खोलीबाहेर फोन

यात तंत्रज्ञान काहीच नाही, आणि म्हणून हा उपाय कमी लेखला जातो. २०१६ मध्ये 'जामा पेडियाट्रिक्स' या बालरोगविषयक वैद्यकीय नियतकालिकात २० अभ्यास आणि १,२५,१९८ मुलांची माहिती एकत्र करून एक विश्लेषण आलं होतं. झोपताना उपकरण वापरणाऱ्या मुलांमध्ये अपुऱ्या झोपेचं प्रमाण जास्त दिसलं, हे अपेक्षितच होतं. पण उपकरण नुसतं हाताशी असलेल्या, ते न वापरणाऱ्या मुलांमध्येही ते जास्त दिसलं. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालं असं नाही. तरी उशाशी फोन असताना कुणाचा मेसेज आला असेल, या विचारानं डोळा लागत नाही, हे मोठ्यांनाही ठाऊक आहे. राउटर नेट तोडतो, स्क्रीन टाइम ॲप अडवतो, पण वस्तू उशाशीच राहते. तिला बाहेर काढण्याचं काम फक्त हा नियम करतो.

'मला गजर लावायचाय,' ही यातली पहिली हरकत असते, आणि ती रास्त आहे. म्हणून नियमाआधी गजराचं घड्याळ आणा. मग स्वयंपाकघरात किंवा बैठकीच्या खोलीत चार्जरची एक जागा ठरवा आणि आपले फोनही तिथेच लावा. मोठ्यांचे फोन पलंगावर आणि मुलांचे बाहेर, असा नियम तेरा-चौदा वर्षांचं मूल मनापासून पाळणार नाही. ड्यूटीमुळे तुमचा फोन जवळ लागत असेल तर ते मुलाला स्पष्ट सांगा.

याची कमतरताही आहे. मध्यरात्री उठून फोन आणणाऱ्या मुलाला हा नियम अडवत नाही. तिथे फोनमधलं कुलूप कामी येतं, म्हणून ही जोडी मला सर्वांत भरवशाची वाटते.

कुणी काय निवडावं

सात-आठ वर्षांपर्यंत मुलाचं स्वतःचं उपकरण नसेल, तर टॅब रात्री तुमच्या कपाटात ठेवणं पुरे. नऊ ते बारा वयात सिमचा फोन हातात आला की खोलीबाहेर चार्जिंग आणि फोनमधलं कुलूप, दोन्ही लावा. फक्त वायफायवर चालणारी उपकरणं असतील, विशेषतः कन्सोल आणि टीव्ही, तर वेगळ्या नेटवर्कचा राउटर-मार्ग सर्वांत कमी कटकटीचा आहे. तेरानंतर वेळ मुलाशी बोलून ठरवा आणि दर सत्राला पुन्हा बघा. परीक्षेच्या दिवसांत रात्री नोट्स हव्या असतात, त्यासाठी अपवाद ठेवा, पण फोन अभ्यासाच्या टेबलावर, पलंगावर नाही. सोळा-सतराव्या वर्षी तांत्रिक कुलूप हळूहळू काढत जा. चार्जिंगची जागा तेवढी आहे तिथेच राहू द्या.