जिवंतपणी वापरलेला आयुर्विमा: अडीच वर्षांचा अनुभव, आणि आमच्या बॉण्डची फरफट

परवा स्पीड पोस्टाने पॉलिसीचा मूळ बॉण्ड, म्हणजे पॉलिसीचा मूळ दस्त, घरी परत आला. ऑगस्ट २०२३ मध्ये मी तो स्वतःच्या हाताने शाखेत दिला होता. मागच्या बाजूला कर्जाचा शिक्का, त्यावर तो रद्द केल्याचा दुसरा शिक्का, कोपऱ्यात स्टेपलरची तीन भोकं. कर्ज सप्टेंबरात फिटलं होतं, कागद यायला जानेवारी उजाडला. ह्या कागदाने मला जेवढं रडवलं तेवढं आजारानेही रडवलं नसेल, म्हणून लिहायला बसले.

पॉलिसी ह्यांच्या नावावर, २००९ ची. एंडोमेंट, पंचवीस वर्षांची, विमा रक्कम दहा लाख, सोबत पाच लाखांचा क्रिटिकल इलनेस रायडर. वर्षाला साधारण ४५ हजार हप्ता. एंडोमेंट म्हणजे विमा आणि बचत एकत्र: मुदत संपली की पैसे आपल्याला, त्याआधी माणूस गेला तर घरच्यांना. रायडर म्हणजे त्याला जोडलेलं जादा संरक्षण: ठरावीक गंभीर आजार झाला की ठरलेली रक्कम एकदम मिळते.

ह्यांना मधुमेह. २०२१ मध्ये रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं निघालं, म्हणजे मूत्रपिंडं नीट काम करत नव्हती. त्यानंतर ई-जीएफआर (मूत्रपिंडं किती काम करतात त्याचा आकडा) ३८, मग २२, मग १४ असा उतरत गेला. औषधं, दर महिन्याच्या रक्ततपासण्या, नेफ्रॉलॉजिस्टची (मूत्रपिंडाच्या डॉक्टरांची) फी मिळून सात-आठ हजार जायचे. कारखान्याचा ग्रुप मेडिक्लेम होता, पण तो अॅडमिट झालं तर. घरी बसून गोळ्या खाणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही.

तेव्हा मी रायडरचे कागद पहिल्यांदा नीट वाचले. मूत्रपिंडाची व्याख्या सगळ्या कंपन्यांना विमा नियामकाने एकच ठरवून दिली आहे: दोन्ही मूत्रपिंडं कायमची निकामी व्हायला हवीत, आणि त्यापायी नियमित डायलिसिस सुरू झालेलं किंवा प्रत्यारोपण झालेलं हवं. म्हणजे आजाराच्या चौथ्या टप्प्यावर असलेल्या, डायलिसिस अजून न लागलेल्या माणसाला शून्य. चौदा वर्षं रायडरचा हप्ता भरला आणि गरज लागली तेव्हा हा नियम समोर. मला फार राग आला. ओळखीत सगळ्यांना सांगत सुटले की रायडर घेऊ नका, पैसे वाया जातात.

दिरांनी सुचवलं, पॉलिसी सरेंडर करून टाका, म्हणजे मुदतीआधीच मोडून पैसे घ्या. आकडा काढून आणला. तोवर सव्वासहा लाख भरले होते आणि हातात येणार होते तीन लाख साठ हजार. शिवाय मूत्रपिंडाच्या रुग्णाला नवी पॉलिसी कोण देणार? दहा लाखांचं छत्र स्वतःच्या हाताने मोडायचं नाही, एवढं मला पक्कं कळत होतं. म्हणून पॉलिसीवर कर्ज काढलं. सरेंडर मूल्याच्या नव्वद टक्क्यांपर्यंत मिळत होतं, आम्ही दोन लाखच घेतले.

कर्जाबद्दल माझी काही तक्रार नाही. फॉर्म, रद्द केलेला चेक आणि मूळ बॉण्ड दिला, चौथ्या दिवशी पैसे खात्यात. आजार कोणता, पगार किती, जामीन कोण, कुणी काही विचारलं नाही. व्याज साडेनऊ टक्के, सहामाही चक्रवाढ. म्हणजे दर सहा महिन्यांनी ९,५०० भरायचे. एकदाच चुकले, फेब्रुवारी २०२५ मध्ये, कारण त्याच महिन्यात डायलिसिस सुरू झालं. ते ९,५०० मुद्दलात गेले आणि पुढचं व्याज ९,९५१ झालं. साडेचारशे रुपये फुकट गेले, अजून मनाला लागतं. फोनमध्ये आठवण लावून ठेवा.

आता डायलिसिस. सोमवार, बुधवार, शुक्रवार, चार-चार तास. सुरुवातीला मानेत कॅथेटर, मग डाव्या मनगटावर फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला शीर आणि धमनी जोडून केलेली जागा. त्यावर बोट ठेवलं की आत झणझण लागते. रोज सकाळी मी आधी ती बघते, मग चहा ठेवते. ट्रस्टच्या केंद्रात एका वेळचे १,५०० रुपये, महिन्याला तेरा वेळा. ठाण्यातल्या वर्तकनगरहून रिक्षा जाऊन-येऊन १४०, म्हणजे महिन्याला १,८२०, ते कुठल्याच मेडिक्लेमात बसत नाहीत. वागळे इस्टेटच्या कारखान्यात तीन दिवसांची रजा कापून पगार अर्ध्यावर आला, तोही कुठे बसत नाही. (राज्य सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेतही डायलिसिस आहे. तुमच्या केंद्रात ती चालते का, हे आधी विचारा. आमच्याकडे नव्हती.)

एप्रिलमध्ये रायडरचा दावा टाकला. पहिलं पत्र आलं: जुने सगळे रिपोर्ट द्या, २००९ मध्ये मधुमेह होता का ते कळवा. शेजारचे बँकेतून निवृत्त झालेले काका म्हणाले, "वहिनी, घाबरू नका, विमा कायद्याचं कलम ४५ आहे." तीन वर्षं झाल्यावर कंपनीला पॉलिसीवर कुठल्याही कारणाने बोट ठेवता येत नाही. रायडर मागाहून जोडला असेल तर ती तीन वर्षं रायडरच्या तारखेपासून धरतात. आमचा पहिल्या दिवसापासूनचा होता. तसं लिहून दिलं, तो प्रश्न तिथेच मिटला.

मे महिन्यात दुसरं पत्र: "मूळ बॉण्ड सादर करा, अन्यथा दावा प्रलंबित राहील."

बॉण्ड त्यांच्याकडेच होता! कर्जासाठी त्यांनीच ठेवून घेतलेला. दावा बघणारं कार्यालय वेगळं, कर्ज देणारी शाखा वेगळी, आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही. शाखेत पाच खेपा झाल्या, त्यातल्या दोन ह्यांना मशीनवर लावून धावत गेलेल्या. एकदा म्हणाले रेकॉर्डला पाठवलाय, एकदा म्हणाले साहेब रजेवर आहेत. पाचव्या वेळी काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर बॉण्ड हरवल्याचं लिहून द्या, डुप्लिकेट काढू." मी सरळ नाही म्हटलं. मी हरवलेला नाही, तर मी का लिहून देऊ? पाचशे रुपयांचा प्रश्न होताच, पण खोटं लिहून त्याखाली ह्यांची सही घ्यायची, ती त्या सुजलेल्या हाताने?

घरी येऊन सगळ्या फायली उपसल्या. डायलिसिसच्या फाइलच्या मागच्या खिशात, कॅथेटरच्या बिलाला चिकटलेली, २०२३ ची पोच सापडली. हाताएवढी निळसर चिठ्ठी, "मूळ पॉलिसी दस्त प्राप्त", शाखेचा गोल शिक्का, तारीख. तिचा फोटो जोडून आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यांना मेल केला. उत्तर नाही. मग विमा नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाकली. महिनाभरात निकाल लागला नसता तर विमा लोकपालांकडे जाणार होते, तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. त्याची वेळ आली नाही. चौदाव्या दिवशी पत्र आलं की बॉण्ड "उपलब्ध झाला आहे".

सप्टेंबरमध्ये पाच लाख जमा झाले, आणि रायडरबद्दलचं माझं मत बदललं. मेडिक्लेम बिल मागतो, रायडर मागत नाही. रिक्षा, कापलेला पगार, पथ्याचं वेगळं जेवण, कशालाही वापरा. सगळ्यात आधी कर्ज फेडलं, उरलेल्यातून वर्षभराचं डायलिसिस निघेल. मूळ पॉलिसी दहा लाखांची तशीच चालू आहे, फक्त रायडर संपला. हे प्रत्येक पॉलिसीत असं नसतं. काही रायडरमध्ये दिलेली रक्कम मूळ विम्यातून कापतात. घेताना हे एकच विचारलंत तरी पुरे. ज्यांना मी घेऊ नका म्हणून सांगितलं होतं, त्यातल्या दोघींना पुन्हा फोन केला. पण रेंगाळणाऱ्या आजाराच्या मधल्या वर्षांत तो उपयोगाचा नाही, हे मी आजही म्हणते. ती वर्षं आमची कर्जाने काढली.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटी गेला, त्यामुळे डिसेंबरचा हप्ता हजारेक रुपयांनी कमी आला. तेवढ्यात सात वेळची रिक्षा झाली.

आता माझ्या तपासण्या चालू आहेत, माझं मूत्रपिंड ह्यांना जुळतं का ते बघायला. जुळलं तर पैसे लागतील, आणि कर्जासाठी बॉण्ड पुन्हा शाखेत द्यावा लागेल. काल राम मारुती रोडवर जाऊन त्याच्या दोन्ही बाजूंच्या चार रंगीत प्रती काढल्या. ती निळी चिठ्ठी लॅमिनेट करून आणली आहे.