साडेतीन इंच पेन्सिल हिल: सँडल चांगली, पण आपल्या कोकणात घालायची कुठे?

आधीच सांगते, सँडल वाईट नाहीये. रत्नागिरीत बाजारातल्या एका दुकानातून घेतली, १२९९ ला, सोनेरी पट्टे, साडेतीन इंचाची पेन्सिल हिल. शिलाई मस्त, बक्कल अजून घट्ट, एक खडा पण पडला नाही. त्याचे पूर्ण मार्क.

पण मी ती घातली कुठे तर मावसभावाच्या लग्नाला, राजापूर तालुक्यात, घर रस्त्याच्या खाली आणि जांभ्याची पाखाडी उतरून जायचं. जांभा ज्यांना माहितीये त्यांना कळलंच असेल, दगड सगळा भोकाभोकाचा, दर दोन पायऱ्यांनी हिल कुठेतरी अडकलीच. खाली खळं नुकतंच सारवलेलं, मी जाईन तिथे चण्याएवढे खड्डे, कारण अख्खी टाच त्या एवढ्याशा टोकावर उभी ना. मावशी बघतच राहिली, म्हणाली, "काय गो बाय, हे खूर कशाला लावून आलीस?"

अक्षता पडेपर्यंत चवडे नुसते पेटले होते. त्यात एप्रिलचा घाम, आतलं रेक्झिन ओलं झालं की पाय घसरून पुढे जातो आणि पाचही बोटं पुढच्या पट्ट्यात कोंबली जातात. एकदा घोटा मुरगळता मुरगळता वाचला, मांडवाचा खांब धरला म्हणून. आणि खरी गंमत दुसऱ्या दिवशी, अनवाणी चालले तर पोटऱ्या ठणकायला लागल्या.

वहिनी फिजिओथेरपिस्ट आहे, तिला विचारलं तर आधी पोटभर हसली. मग म्हणाली टाच वर राहिली की पोटरीचा स्नायू आखडलेला राहतो, रोज घालणाऱ्यांचा तर तसाच आखूड होऊन बसतो, म्हणून सपाट चाललं की ताण पडतो. आणि घोट्यातलं हाड पुढे रुंद मागे अरुंद असतं, टाच उचलली की अरुंद बाजू खोबणीत येते आणि सांधा सैल पडतो, मुरगळणं आलंच.

वजन पुढे जातं म्हणजे किती जातं ते मला बघायचंच होतं. घरी एक वजनकाटा होता आणि बाबांचा काजू बी मोजायचा काटा होता, उंची जमवायला खाली पाट सरकवला, मागच्यावर टाचा, पुढच्यावर चवडे. माझं वजन ५८. अनवाणी मागे ३३, पुढे २५. सँडल घालून मागे २२ आणि पुढे ३६! प्रयोग घरगुती आहे, किलोदीडकिलो इकडेतिकडे धरा, पण अकरा किलो म्हणजे जवळजवळ अर्धी आंब्याची पेटी टाचेवरून उचलून चवड्यावर ठेवली की हो. आणि हे नुसतं उभं राहून, चालताना जोर याहून जास्त येतो. चवड्याची कातडी जाड होणं, कुरूप, बोटांच्या मधली नस दुखणं हे त्यातूनच येतं म्हणे. अंगठा वाकडा होतो त्याचं सगळं खापर मात्र हिल्सवर नको फोडूया, माझ्या आजीने जन्मात हिल घातली नाही तरी तिचा अंगठा बाजूच्या बोटावर चढलाय, ते घराण्यातून पण येतं. निमुळत्या सँडलने ते वाढतं एवढं खरं.

दुकानात जाल तर हिलची नुसती उंची बघू नका, पुढचा तळवा किती जाड आहे ते पण बघा. मागे तीन इंच आणि पुढे एक इंच तर पायाला फरक दोनच इंचाचा. माझ्या सँडलला पुढे काहीच नव्हतं, पापडासारखा तळवा. त्याच दुकानात दोन इंचाची ब्लॉक हिल होती, माझ्याच डोक्यात शिरलं नाही. आणि संध्याकाळी जा, दिवसभराने पाय थोडे सुजलेले असतात, सकाळची बरोबर बसलेली साईज रात्री चावते.

पाचपैकी अडीच स्टार. टाईल्सच्या हॉलमध्ये रिसेप्शन असेल आणि तुम्ही जास्त वेळ बसूनच राहणार असाल तर घ्या, दिसते झकास. मी नंतर एकदा तशीच घातली, दोन तास, काही त्रास झाला नाही. गावच्या लग्नाला नको. मावशीने निरोप धाडलाय, पुढच्या कार्याला खळं सारवायला मलाच बोलावणार.