सारणाच्या चॉकलेट बारसाठी साचा: सिलिकॉन की पॉलिकार्बोनेट?

साध्या वड्या पाडत होतो तोवर सिलिकॉनच्या साच्याबद्दल माझी काहीच तक्रार नव्हती. ओतलं, फ्रिजमध्ये ठेवलं, मागून अंगठ्याने दाबलं की वडी हातात. मग दुबईच्या पिस्ता-कुनाफा बारची हवा आली, मलाही सारण भरायची हौस आली आणि रडगाणं सुरू झालं.

सारणाचा बार म्हणजे चॉकलेटची करंजीच. साचा काठोकाठ भरायचा, ओट्यावर आपटून बुडबुडे काढायचे, उलटा धरून जास्तीचं निथळू द्यायचं. उरतं ते कवच. त्यात गार सारण, वर दोनेक मिलिमीटर जागा सोडून, आणि शेवटी चॉकलेटचंच झाकण. एवढ्यात साचा चार-पाच वेळा उचलावा लागतो आणि सिलिकॉन उचललं की वाकतं. कवच जेमतेम धरलेलं असतं, त्याला केसाएवढी चीर जाते. त्या वेळी दिसत नाही. दुसऱ्या दिवशी बटरपेपरवर हिरवट तेलाचा डाग दिसतो, तेव्हा कळतं. मी कुनाफाच्या कुरकुरीत तारांऐवजी बारीक शेवया तुपात भाजून घालतो. ते तूप आणि पिस्त्याचं तेल दोघंही त्या चिरेतून बरोब्बर वाट काढतात.

साच्याखाली स्टीलचं ताट सरकवून पाहिलं. उचलताना हलायचं थांबलं, पण साचा उलटा करताना ताट कोण धरणार? शिवाय वरून पट्टी ओढून झाकण सपाट करायला गेलं की कडा दबतात, आणि बार टेबलावर ठेवला की डुगडुगतो. बाकी सगळं चालवून घेतलं असतं, पण ह्या गळतीपुढे मी हात टेकले.

पॉलिकार्बोनेटचा, म्हणजे कडक पारदर्शक प्लास्टिकचा साचा वाकत नाही. आपटा, उलटा करा, पट्टी कडेवर टेकवून सरळ ओढा. झाकण आरशासारखं सपाट. चकाकीही माझ्या अनुभवात ह्यातच जास्त येते, कारण चॉकलेट साच्याच्या पृष्ठभागाची हुबेहूब नक्कल करतं.

पण हा साचा खडूस मास्तरासारखा आहे. इथे अंगठ्याने दाबून काढायची सोय नाही. टेम्परिंग, म्हणजे चॉकलेट वितळवून ठरावीक तापमानांना गार-गरम करणं, जमलं असेल तर त्यातलं कोकोआ बटर गोठताना आकसतं आणि बार आपणहून सुटतो. डार्क ३१-३२ अंशांवर ओतायचं, मिल्क त्याहून दोनेक अंश खाली. बिघडलं तर बार चिकटून बसतो. माझे पहिले दोन घाणे तसेच गेले. चमच्याने खरवडून दुधात घातले. साचा पारदर्शक असतो, ही मात्र मोठी सोय. खालून बघायचं. सुटलेला भाग धुरकट दिसतो, चिकटलेला ओला-काळा. सगळा धुरकट झाला की उलटा करून हलकं ठोकायचं.

पैशाचं म्हणाल तर मला सिलिकॉनच्या तिप्पट पडले. आणि ह्याला घासणी लावायची नाही. एक ओरखडा पडला की तो पुढच्या प्रत्येक बारवर उमटतो. म्हणून हा साचा सिंकमध्ये ठेवत नाही. कोमट पाण्याने स्वतः धुतो, कापसाने पुसतो.

मुलांच्या वाढदिवसापुरत्या कंपाउंडच्या (कोकोआ बटरऐवजी दुसरं वनस्पती तेल घातलेल्या, टेम्परिंग न लागणाऱ्या चॉकलेटच्या) वड्या करायच्या असतील, किंवा आत वळलेली नक्षी हवी असेल, तर सिलिकॉनच बरं. तिथे कडक साच्यातून वडी निघणारच नाही. घट्ट सारण असेल, म्हणजे तिळकूट मिल्क चॉकलेटमध्ये कालवून वगैरे, तरी कदाचित निभावेल. तेलकट सारण भरणार असाल तर मात्र मी पॉलिकार्बोनेटच घ्या म्हणेन. तुमचा हात माझ्यापेक्षा हलका असेल तर गोष्ट वेगळी.

माझा सिलिकॉनचा साचा अजून आहे. त्यात चिंचेचा कोळ गोठवतो. बरोबर एका आमटीपुरती वडी होते. सिलिकॉन वास फार धरतं, त्यामुळे चॉकलेटकडे त्याचा परतीचा रस्ता तसाही बंदच झालाय.